पाटावरची बंदूक

दसऱ्याला शालनकाकूंच्या देवघरापुढे पाट मांडलेला असे. पाटावर त्यांचा जुना स्टेथोस्कोप, बागेतली कात्री आणि मधोमध आडवी ठेवलेली दुनळी बंदूक. तिला हळदकुंकू वाहिलेलं आणि बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानातून आणलेल्या झेंडूचा हार घातलेला. इंग्लंडात लेस्टरला आलो त्या वर्षी मी आणि मंजिरी सोनं द्यायला त्यांच्या घरी गेलो आणि मी दारातच थबकलो. मंजिरी धीट, ती सरळ आत जाऊन बसली. मी सोफ्याचं सगळ्यात लांबचं टोक धरलं.

"अरे, घाबरतोस काय? मधून उघडी आहे बघ, आत काडतूस नाही," काकू म्हणाल्या. "उघडी बंदूक म्हणजे लाटणं."

पूजा आटोपली की त्या बंदूक पुसून पोलादी कपाटात कुलूपबंद करत. चावी कुठे ठेवली ते कोणालाच ठाऊक नसे. इथला नियमच तसा आहे, ज्याच्या नावावर बंदुकीचं सर्टिफिकेट त्यानंच चावी बाळगायची. "तुझ्या काकांना मी आयुष्यात सगळं सांगितलं, चावी सोडून," हे त्या काका गेल्यावरही सांगत आणि वर स्वतःच हसत.

शालनकाकू मूळच्या साताऱ्याच्या. लेस्टरबाहेरच्या एका खेड्यात त्यांनी जन्मभर जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून काम केलं. पेशंट बहुतेक शेतकरी. त्यातल्या टॉमनं एकदा तपासून घेता घेता विचारलं, डॉक्टर, कधी बंदूक धरली आहे का? साडी नेसलेल्या बाईला त्यानं गमतीनं विचारलं असणार. काकूंनी कॉलेजात असताना एनसीसीत रायफलचं बक्षीस मिळवलेलं. पुढच्या शनिवारी त्या टॉमबरोबर नेमबाजीच्या मैदानावर गेल्या आणि मग जातच राहिल्या. तिथे यंत्रातून मातीच्या तबकड्या हवेत उडवतात आणि त्या उडत्या फोडायच्या असतात. काकू पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा काकांपुरतंच. "आजवर मुंगी मारली नाही मी, माती मात्र पुष्कळ मारली," असं त्या म्हणत. तबकडी सोडण्यासाठी इतर लोक इंग्रजीत ओरडत. काकू खांद्याला बंदूक लावून साध्या स्वरात म्हणत, "येऊ दे." मैदानावरच्या सगळ्यांना ते कळायचं.

या टॉमच्याच बंदुका पुढे काकूंमुळे गेल्या. तो ट्रॅक्टरवरून पडला, पाठ कायमची दुखावली. गोळ्यांनी भागेना, तेव्हा झोपण्यापूर्वी तो गांजा ओढायला लागला आणि एकदा विश्वासानं ते काकूंना सांगून बसला. बंदूक बाळगणाऱ्या पेशंटचं असं काही कळलं की पोलिसांना कळवायचं, हे इथे डॉक्टरचं काम. काकूंनी त्याला तोंडावर सांगितलं आणि कळवलं. पोलीस येऊन त्याच्या आजोबांपासूनच्या बंदुका घेऊन गेले. टॉम दर आठवड्याला काकांसाठी अंडी आणून दारात ठेवायचा, ती यायची बंद झाली.

मी यावरून त्यांच्याशी भांडलो होतो. "काकू, पबमधून झुलत घरी जाणाऱ्यांच्या बंदुका नेत नाहीत कोणी. हा बिचारा पाठीसाठी ओढतो."

"दारूचं कळलं तर तेही कळवते मी. आणि बिचाऱ्याच्या हातातून सुटलेली गोळी काय हळू लागते?"

मला ते पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं पटलेलं नाही.

काका गेले तेव्हा टॉम काळा टाय बांधून अंत्यविधीला आला, मागे उभा राहिला आणि मागूनच निघून गेला. पुढच्या शनिवारी काकू मैदानावर गेल्या तर तबकड्यांच्या यंत्रापाशी टॉम. स्वतःला बंदूक धरता येत नाही, म्हणून त्यानं तबकड्या सोडायचं काम मागून घेतलं होतं. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, बंदूक खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "येऊ दे." त्यानं बटण दाबलं. पुढची कित्येक वर्षं त्या दोघांत एवढंच बोलणं होतं.

मग काकूंना कॅन्सर झाला. किमोनं गाठ आटोक्यात आली, पण हातापायांच्या नसा जळायला लागल्या. निखाऱ्यावर चालल्यासारखं वाटतं, असं त्या एकदाच म्हणाल्या. नेहमीच्या औषधांनी उतार पडेना. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी गांजाचं तेल लिहून दिलं. रीतसर, कायदेशीर औषध. काकूंनी बाटली घरी आणली आणि न उघडता देव्हाऱ्यात ठेवली.

"हे घेतलं की पोलिसांना कळवायला हवं. कळवलं की बंदूक जाणार," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला पूजा करते एकदा, मग घेते."

दसरा अजून कितीतरी लांब होता. त्यांच्या हातून भांडं सुटायचं, चेहरा पांढरा पडायचा. मैदानावर जाणं त्यांनी स्वतःच बंद केलं होतं. "दुखऱ्या हातानंही बंदूक धरू नये," हाही त्यांचाच नियम. म्हणजे बंदूक चालवायची नव्हतीच. फक्त पाटावर एकदा ठेवायची होती.

"काकू, डॉक्टरांनीच दिलंय. घ्या ना. कोणाला कळणार आहे?" मंजिरी म्हणाली.

"मला कळेल ना गं."

मुलगा सतीश ग्लासगोहून येऊन राहिला होता. तो तिथे शाळेत शिकवतो. जन्म इथलाच, मराठी मोडकं, पण आईशी मराठीच बोलायचा. दिवसा तो स्वयंपाक करायचा आणि बाकी वेळ आईचं कण्हणं ऐकत बसायचा. एका संध्याकाळी त्याला ते ऐकवेना. त्यानं कढी केली, देव्हाऱ्यातली बाटली उघडली आणि डॉक्टरांनी सांगितले होते तेवढे थेंब आईच्या वाटीत घातले.

काकू कढी प्यायल्या आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपल्या. सकाळी मी दूध घेऊन गेलो तर त्या टेबलाशी बसलेल्या, चेहरा निवळलेला. समोर सतीश, खाली मान घालून.

"तुझी कढी आळणी असते," त्या त्याला म्हणत होत्या. "कडू कधी नसते."

"सॉरी, आई. मला तुझा त्रास बघवला नाही."

"रडू नकोस. बरं केलंस, झोप लागली." त्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अरे, तो फोन दे जरा इकडे."

"आई, प्लीज. तू नाही घेतलं, मी दिलं. कशाला सांगायचं? दसरा झाल्यावर सांग."

"पोटात तर गेलंय ना, राजा? दुसऱ्यांचं कळवताना मी दसरा बघितला नव्हता."

पोलिसांकडून एक तरुण बाई आली. फार सभ्य. औषध म्हणून घेत असाल तर सर्टिफिकेट जाईलच असं नाही, विचार करून कळवू, तोवर बंदूक आमच्याकडे राहील, असं म्हणाली. तो विचार पूर्ण होईपर्यंत आपण नसू, हे काकूंना त्या बाईपेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्या आत गेल्या, चावी घेऊन आल्या, कपाट उघडलं. बंदूक मधून उघडून, रिकामी दाखवून तिच्या हातात दिली. चावी त्यांनी टेबलावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.

दसऱ्याला पाट मांडला होता. स्टेथोस्कोप, कात्री आणि मधे मोकळी जागा. काकूंना खाली बसवत नव्हतं, म्हणून सतीशनं पूजा केली. मधल्या जागेवर कुंकू वाहताना त्याचा हात थांबला. काकू खुर्चीतून म्हणाल्या, "वाहा रे, पाटावर वाहा."

तेवढ्यात टॉम आला. हातात अंड्यांचा ट्रे. काकूंची बंदूक गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच या घरात पाऊल टाकत होता. काकूंनी त्याला समोर बसवलं आणि त्याच्याशी इंग्रजीत बोलल्या. ते बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

"तुझी पाठ इतकी दुखत होती?"

"हो, डॉक्टर."

"मला नुसतं ऐकून ठाऊक होतं. आता कळलं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तरी मी कळवलंच असतं, टॉम."

"ठाऊक आहे मला."

"पण त्या दिवशी संध्याकाळी तुझ्या घरी येऊन बसायला हवं होतं. ते मी केलं नाही."

टॉमनं अंड्यांचा ट्रे मांडीवरच धरून ठेवला होता. तो मंजिरीनं हळूच काढून घेतला, तेव्हा त्याला डोळे पुसता आले.

काकू नाताळच्या आधी गेल्या. त्या तेल घेत राहिल्या आणि शेवटपर्यंत त्यांना रात्रीची झोप लागत राहिली. त्यांच्यामागे आम्ही एका शनिवारी मैदानावर गेलो. सगळ्यांनी आपापल्या बंदुका उघडून खाली ठेवल्या. टॉम यंत्रापाशी उभा राहिला आणि आपल्या बोजड जिभेनं म्हणाला, "येऊ दे." एकच तबकडी उडाली. कोणीच बार काढला नाही. ती लांबवर ओल्या गवतात जाऊन पडली. टॉम ती दुखरी पाठ घेऊन गवत चाळत राहिला आणि ती अखंड सापडल्यावर त्यानं माझ्या हातात आणून ठेवली.

आता दसऱ्याला आमच्या पाटावर ती असते. मंजिरी तिला झेंडूचं एक फूल वाहते. संध्याकाळी ग्लासगोहून सतीशचा फोन येतो. पूजा झाली का विचारतो, पाटाचा फोटो मागतो. मग दर वर्षी तेच विचारतो.

"त्या दिवशी आई चांगली झोपली होती ना? तू सकाळी आला होतास. तू बघितलं ना?"

"बघितलं," मी सांगतो. "शांत झोपून उठल्या होत्या, सतीश. मी स्वतः बघितलं."