राक्षसाचा घसा

आमच्या शेजारचा इंजिनिअर दोन वर्षांसाठी म्हणून या देशात आला आणि, दोन वर्षांसाठी आलेल्या बाकी सगळ्यांसारखा, राहून गेला. नोकरी शहराच्या पंपघरात. सकाळी पाण्याचा दाब बघायचा, संध्याकाळी पुन्हा तोच बघायचा आणि मधल्या वेळात हाताखालच्यांना एकच गोष्ट सांगायची: व्हॉल्व्ह हळू बंद करा. धावतं पाणी एकदम अडवलं की ते पाइपलाच धडक देतं.

घरी मात्र तो कादंबरी लिहायचा. जुना काळ, राजा, किल्ला आणि तलावच्या तलाव पिऊन टाकणारा राक्षस. "इथला इतिहास आपला नाही, आपला तिकडे राहिला," असं त्याने बायकोला सांगितलं होतं. "म्हणून तिसराच तयार करतोय." तिने कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला. साहित्यसेवा वगैरे काही नाही, जेवायच्या टेबलावर जेवता यावं म्हणून.

बऱ्याच नकारांनंतर एका प्रकाशक बाईंचा फोन आला.

"राक्षस आवडला. त्याच्या घशाचा व्यास कशाला दिलाय ते कळलं नाही, पण असू दे. तो मरतो कशाने?"

"राजाच्या शौर्याने."

"म्हणजे नेमकं कशाने? शेवट जमवा, छापते. नाही जमला तर विषय संपला."

तेव्हापासून स्वारी घरात असून नसल्यासारखी. बिनसाखरेचा चहा प्यायची आणि गोड झालाय म्हणायची.

"विष घाला की त्याला," बायको म्हणाली.

"तलावभर पाण्यात किती घालावं लागेल, कल्पना आहे?"

"मग मरू दे मेल्याला."

"तेच तर होत नाहीये."

अशात पंपघरातली एक लाइन बंद करायची वेळ आली. डोक्यात राक्षस, हातात व्हॉल्व्हचा दांडा. त्याने तो एका झटक्यात ओढला. आतून कोणी लाथ घालावी तसा पाइप हादरला, जोड उचकटला आणि साहेब नखशिखांत भिजले.

निवृत्तीला टेकलेला फोरमन पंप बंद करून शांतपणे आला. "साहेब, हळू बंद करायचा असतो."

"तो पीत असतानाच अडवायचं," इंजिनिअर निथळत म्हणाला. "घशाच्या खालच्या तोंडाशी."

फोरमनने टॉवेल दिला आणि डोक्याला लागलंय का ते पाहिलं.

नव्या शेवटात राक्षस तलावाबरोबर राजालाही गिळतो. घशाच्या तळाशी राजा पाय रोवतो आणि ढाल आडवी घालतो. व्यास आधीच दिलेला होता, ढाल तंतोतंत बसली. वरून येणारा अख्खा तलाव जागच्या जागी थांबला आणि घसा फुटला.

बाईंचा फोन आला. "छापते," एवढंच म्हणाल्या. त्याच आठवड्यात ऑफिसकडून निष्काळजीपणाबद्दल मेमोही आला. बायकोने दोन्ही बातम्या एकाच फोनवर सासूबाईंना सांगून टाकल्या.

पुस्तक आल्यावर फोरमनने ते डबा खाताखाता वाचून काढलं.

"चांगलंय. एकच पटलं नाही."

"काय?"

"राजाला मेमो नाही मिळाला."

"तो राजा आहे."

"तेच म्हणतोय मी," म्हणत फोरमनने डब्याचं झाकण लावलं. हळू.