अर्धा जबाब

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. तेव्हा मी जिवतीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

एक शिक्षक तक्रार घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी जांभळाच्या बियांची भुकटी सुरू केली आणि शुगरच्या गोळ्या सोडल्या. चार आठवड्यांत म्हातारे बेशुद्ध पडले, दवाखान्यात भरती झाले. शिक्षकांनी पाकीट टेबलावर ठेवले. वर ठळक अक्षरांत 'शुगर मुळापासून बंद', खाली डोंगरावरच्या एका महिला बचत गटाचे नाव. नाव वाचले आणि केस सुटली असे मी धरून चाललो.

गटाच्या खोलीतला माल पोत्यात भरून सील केला. महिलेचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा, हा नियम मला पाठ होता. तरी अध्यक्षबाईंना आठवडी बाजारातून, भरगर्दीत, जीपमध्ये बसवून आणले. चाळिशीच्या असतील. घाबरल्या होत्या, पण उत्तरे सरळ देत होत्या.

"बाई, ही भुकटी म्हणजे औषध आहे का?"

"हो साहेब, दवाईच हाये ते. आमी तं आंबाडीच्या भाजीलेबी दवाई म्हणतो. अंगाले मानवते ते दवाई."

मी लिहिले, 'सदर भुकटी औषध म्हणून विकत असल्याचे कबूल करते.' भाजीचे वाक्य सोडून दिले. माझे जबाब आटोपशीर असतात, याचा मला मोठा तोरा होता. बाईंनी न वाचता सही केली.

दोन दिवसांनी मुद्देमालाची नोंद करताना आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, मास्तरचं पाकीट एका जागी जाड लागून राह्यलं." त्यांनी नखाने कोपरा उचलला. 'शुगर मुळापासून बंद' हे वरून चिकटवलेले निघाले. खाली छापले होते, 'हे अन्न आहे, औषध नाही. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका.' मी गटाचे पोते फोडायला लावले. एकाही पाकिटावर तशी चिकटवलेली पट्टी नव्हती. पोते भरताना एक पाकीट हातात घेऊन वाचले असते, तरी पुरे होते.

मास्तरांचे पाकीट ज्याच्याकडून आले त्या दुकानदाराला बोलावले. तासाभरात तो बोलता झाला. "नुसतं अन्न म्हटलं तं कोणी घेत नाई, साहेब." तसल्याच छापील पट्ट्यांचे बंडल त्याच्याच गल्ल्याखाली सापडले. म्हातारे बरे होऊन घरी आले, दुकानदारावर दोषारोपपत्र गेले आणि वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

मी बाईंच्या घरी गेलो. शेजारी गटाच्या खोलीला कुलूप होते. पोलिसांची जीप आली म्हणून गटातल्या बायकांच्या घरच्यांनी त्यांना गटात यायला बंदी केली होती. मी माफी मागितली.

बाईंनी पाणी दिले. म्हणाल्या, "तुमी चुकले हे मले समजलं, साहेब. पण मले सांगून काय होते? तुमी मले बाजारातून नेलं. बाजारातच सांगा."

"पुढच्या बाजाराला येतो," मी म्हणालो.

जबाब सांगणाऱ्याच्या शब्दांतच लिहावा, हे मी पुढे प्रत्येक नव्या अंमलदाराला शिकवले. ते या केसने मला शिकवले, असेही सांगत आलो. पण त्या बाजाराला मी गेलो नाही. बंदोबस्त नव्हता, बदलीही झाली नव्हती. वर्दी घालून चारचौघांत चूक कबूल करायची मला लाज वाटली. कुलूप पुढे उघडले की नाही, हे विचारायचेही धाडस मला झाले नाही.