बायजाचा हारा

बायजा लग्न होऊन आंबिवलीला आली त्या वर्षापासून तिच्या डोक्यावर हारा, म्हणजे बांबूची मोठी टोपली, होता. सासूने पहिल्याच आठवड्यात तिला चुंबळ वळायला शिकवलं आणि ठाण्याची वाट दाखवली. सासरचं शेत काळू नदीच्या काठाला. नवरा पंढरी तिथे अळू, लाल माठ, मुळा लावायचा, बांधाला केळी. पहाटे दोघं मिळून पाला काढायचे, जुड्या बांधायचे, वर केळीची पानं आडवी ठेवायचे आणि बायजा तो हारा घेऊन टिटवाळ्याहून येणाऱ्या लोकलचा मालडबा गाठायची.

मालडब्यात बसायला धड बाकडं नव्हतं, पण जागा होती. दूधवाले असायचे, फुलवाल्या असायच्या आणि शहाडची आवडाबाई असायची. आवडाबाई सुकी मच्छी विकायची, त्यामुळे तिच्या शेजारी कुणी बसत नसे, बायजा बसायची. ठाण्याला उतरलं की पूर्वेला कोपरी. तिथे पिठाच्या गिरणीच्या पायरीशी बायजाची बसायची जागा. अळूवडीची पानं कुणाला लागतात, सत्यनारायणाला केळीचे खांब कुणाला हवेत, बाळंतिणीला कोवळा पाला कुणाच्या घरी द्यायचा, हे तिला तोंडपाठ. मुलगी कल्पिता तान्ही असताना ती हाऱ्याशेजारी गोणपाटावर झोपायची. याच पाल्यावर कल्पिता बी.कॉम. झाली.

मग लोकल चालवायचं काम नव्या कंपनीकडे गेलं. गावात आधी कुणाचा विश्वास बसेना. पण स्टेशनवरच्या पाट्या बदलल्या, रंग बदलला आणि कंपनीने फलाटावर मदतनीस म्हणून मुलं-मुली घ्यायला सुरुवात केली. कल्पिताने अर्ज केला आणि तिची निवड झाली. निळं जाकीट घालून ती पहिल्यांदा घराबाहेर पडली तेव्हा पंढरीने शेतातली कामं टाकून रस्त्यापर्यंत येऊन बघितलं.

"आता तुझ्या आयशीला गाडी चुकायची नाय," तो म्हणाला.

नव्या गाड्या आल्या त्या दिसायला सुरेख. पांढऱ्याशुभ्र, आतून गार, दारं आपोआप लागणारी. आवडाबाईने पहिल्या दिवशी ठाण्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या गाडीची सगळी लांबी चालून पाहिली आणि घामाघूम होऊन परत आली.

"बायजा, हिला मालडबाच नाय गं."

खरंच नव्हता. मोठं सामान न्यायचं नाही, असा नियमच होता. जुन्या गाड्या मात्र अजून मधूनमधून यायच्या. बायजा त्यांची वाट बघायला लागली. आधी एक गाडी सोडावी लागायची, मग दोन, मग तीन. फलाटाच्या टोकाला सावली नव्हती. उन्हं चढली की अळूची पानं मान टाकायची. कोपरीला पोचेपर्यंत नेहमीची गिऱ्हाइकं दुसरीकडून भाजी घेऊन गेलेली असायची. उरलेला पाला परत आणायचा म्हणजे तेच ओझं दोनदा. बायजाची मान दुखायची आणि रात्री ती जेवता जेवता पेंगायची.

कल्पिताची ड्युटी ठाण्याला होती. पण आंबिवलीची एक मुलगी आजारी पडली आणि त्या आठवड्यापुरतं तिला आपल्याच स्टेशनवर पाठवलं. बरोबर सर्वेश नावाचे सुपरवायझर होते. वाईट माणूस नव्हता, पण गाडी उशिरा सुटली की वरून त्यांना फोन यायचा.

त्याच आठवड्यात एका सकाळी जुनी गाडी रद्द झाली. दुसऱ्या दिवशी कोपरीत एका घरी साखरपुडा होता आणि बायजाने केळीची पानं द्यायचा शब्द दिला होता. तिने थोडा वेळ इकडेतिकडे पाहिलं. मग नवी गाडी लागली तशी ती सरळ दारात शिरली. हारा आत गेला, पण पानांची टोकं बाहेर राहिली. दार लागायला आलं, पानांना अडलं, पुन्हा उघडलं. घंटी वाजायला लागली. आतले लोक माना उंचावून बघू लागले.

"ओ मावशी, आधी गाडी तरी सोडा!" कुणीतरी ओरडलं.

कल्पिता धावत आली. दारात तिला आई दिसली. मागून सर्वेश येत होते.

दोघींची नजर भेटली. कल्पिताने मागे सर्वेशकडे पाहिलं. ती म्हणाली, "मावशी, खाली उतरा. हे सामान चालणार नाही."

बायजाने तिच्याकडे पाहिलं, निळ्या जाकिटाकडे पाहिलं आणि हाऱ्याला हात घातला. एकटीला तो उतरवता येईना. तेव्हा कल्पितानेच दुसऱ्या बाजूने धरला. दोघींनी मिळून तो फलाटावर ठेवला. दार लागलं, गाडी गेली.

"त्यांना समजावून सांगा," सर्वेश म्हणाले. "रोज रोज नको हे."

"हो सर," कल्पिता म्हणाली.

बायजा हारा घेऊन घरी आली. पंढरीने विचारलं तर म्हणाली, गाडी नव्हती. पानं तिने विहिरीजवळ सावलीत ठेवली, गिऱ्हाइकाला फोन लावून कळवलं आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसली. कल्पिता संध्याकाळी आली तेव्हाही ती तिथेच होती.

कल्पिताने चपला काढल्या, पण आत गेली नाही. "आई, माझं चुकलं."

"काय चुकलं? नियम हाय त्यो हाय."

"मी तुला मावशी म्हटलं."

"मना वाईट वाटलं," बायजा म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पन तू आई म्हनाली असतीस, तर मी उतरलीच नसती. भांडली असती त्या मानसाशी. नि तुझी नोकरी गेली असती."

"गेली असती तर गेली असती."

"असं बोलू नको. हात धुवून ये, भाकऱ्या थापायच्या हायत. आज माझ्यात जीव नाय."

पुढचे काही महिने बायजा आणि आवडाबाई टेम्पोने गेल्या. टेम्पो दुर्गाडीवरून कोनगावला जायचा आणि तिथे जो अडकायचा तो अडकायचा. पुढे माजिवड्याला तसंच. आवडाबाईचे बोंबील वाळलेलेच होते, पण बायजाचा पाला टेम्पोत उकडून निघायचा. कल्पिताने कंपनीला विनंती केली, सकाळच्या एका तरी गाडीत हाऱ्यांना जागा द्या म्हणून. सर्वेशनीही वर शब्द टाकला. उत्तर गोड शब्दांत आलं, पण नकारच आला. एक दिवस बायजा टेम्पोवर गेली नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही. तिसऱ्या दिवशी ती आंबिवली स्टेशनबाहेर गोणपाट टाकून बसली.

विक्री निम्म्यावर आली. पंढरीने अळूचे वाफे कमी केले. पण बायजाची मान दुखायची थांबली. आता झोप उजाडेपर्यंत लागायची. हे तिला कुणाला सांगवेना, कारण बरं वाटतंय म्हणावं तर तेही पुरतं खरं नव्हतं. दुपार मात्र फार लांब वाटायची.

कल्पिताच्या सुट्टीच्या दिवशी दोघी कोपरीला गेल्या. गिरणीत बायजाचा तराजू ठेवलेला होता, तो आणायचा होता. हातात नुसती पिशवी घेऊन बायजा पहिल्यांदाच नव्या गाडीत, खिडकीशी बसली. पायरीवर तिच्या जागी आता कुणीतरी विकायला फुगे लावून ठेवले होते. गिरणीवाल्याने चहा पाजला. दोन-तीन बायका भेटल्या, "कधी येणार परत?" म्हणाल्या. बायजा "बघू" म्हणाली.

परतताना गाडी गार होती, डबा रिकामा होता. कल्पिताच्या पाळ्या सतत बदलत होत्या, तिचे डोळे कल्याणच्या आधीच मिटले. बायजाने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि तिलाही कधी डुलकी लागली कळलं नाही.

जाग आली तेव्हा टिटवाळा स्टेशनात गाडीचं दार लागत होतं.

"अगं आई, आंबिवली गेलं!" कल्पिता उठून उभी राहिली. "मी दिवसभर तीच घोषणा ऐकत असते."

"म्हनून तर ऐकू आली नाय," बायजा म्हणाली, आणि दोघींना हसू फुटलं.

खडवलीला उतरल्या. फलाट मोकळा होता. परतीच्या गाडीला वेळ होता. कल्पिताने भजी आणली. बायजाने चपला काढल्या, पाय बाकड्यावर घेतले.

"लेकी, तुना जड जातं का गं हे काम?"

"जातं," कल्पिता म्हणाली. "सगळे मलाच ओरडतात. मी काय गाड्या बनवल्यात?"

"मंग मना का नाय सांगितलंस?"

"तू दमलेली असायचीस."

बायजाने कागदातली शेवटची भजी तिच्यापुढे सरकवली. गाडी आली. पांढरी, नवी. दारं उघडली. कल्पिताने तराजूची पिशवी घेतली, आईचा हात धरला, आणि दोघी आत जाऊन बसल्या.

"आता तू झोप," बायजा म्हणाली. "मी जागी हाय."