पेचकसाने ऐकलेला बँजो

लढाईच्या त्या वर्षी रांझीतल्या आमच्या क्वार्टरच्या खिडक्यांना काळा कागद होता, बाबा लष्करी सामानाच्या फॅक्टरीत बारा-बारा तास राबत होते आणि मी बँजो शिकत होते. तोही अमेरिकेतला, गोल लाकडी कड्यावर कातडं ताणलेला, तारांचा. आईच्या मते पोरगी कामातून गेली होती.

शिकवायचे शेजारचे अंकल, रेल्वेतले रिटायर गार्ड. दुसऱ्या महायुद्धात एका अमेरिकन शिपायाने परत जाताना हा बँजो त्यांना देऊन टाकला होता. माणूस महा हट्टी. "पहले किस्सा, फिर बाजा," म्हणायचे. आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांनी हे वाद्य तिकडे कसं घडवलं, डोंगरातल्या खाणमजुरांनी आणि गिरणीतल्या बायकांनी ते कसं आपलं केलं, हे नीट सांगता आल्याशिवाय तारेला बोट लावू द्यायचे नाहीत. मी चिडायचे. पण ते तीन बोटांनी वाजवायला लागले की माझा राग कुठल्या कुठे जायचा. असा गुरू मला पुन्हा मिळाला नाही.

अंकलनी शिकवलेलं गाणं मला बाबांना ऐकवायचं होतं. गिरणीकामगारांचं गाणं त्यांना नाही कळणार तर कोणाला? रोज संध्याकाळी मी वाजवायचे, ते मान डोलवत "वा, वा" म्हणायचे. एकदा मी मध्येच थांबले. बाबांची मान डोलतच होती. "वा, वा."

ज्या खात्यात दिवसभर घण धडाडतात, तिथे त्यांची वीस वर्षं गेली होती. आणि मी मूर्ख, त्यांच्या "वा"वर फुशारत होते. मी रडले, भांडलेसुद्धा.

"काहून ओरडून राहिली? मी काय बहिरा आहे?" बाबा म्हणाले.

रविवारी त्यांनी आपला पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढला. मशीनचं बेअरिंग बिघडलं का, हे ते तसंच तपासायचे: टोक मशीनवर, मूठ कानामागच्या हाडावर, म्हणजे आवाज हाडातून कळतो. आता टोक बँजोच्या लाकडी कड्याला लावलं, मूठ कानामागे दाबली आणि डोळे मिटले.

"चाल, वाजव."

गाणं संपेपर्यंत ते हलले नाहीत.

"जाडी तार उतरली आहे," म्हणाले. "कस तिला."

मी पाहिलं. खरंच उतरली होती. इतका आनंद मला पुढे कुठल्याच टाळ्यांनी झाला नाही. मी तार कसली, पुन्हा वाजवलं. त्या दिवशी बाबांनी एकदाही "वा" म्हटलं नाही.