गाण्याच्या मधोमध सहा सेकंद

दहाला पाच मिनिटं कमी होती आणि रेडिओ केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ताईंचे पाय काही एका जागी ठरत नव्हते. सव्वीस वर्षं गाणी लावणाऱ्या ताई. कुठलं गाणं कसं संपतं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. जुना संगणक आताशा भर गाण्यात धापा टाकायचा. थोपटून, चुचकारून त्यांनीच तो तगवला होता. आज दहाला सुरू होणाऱ्या, गाणी आपोआप लावणाऱ्या नव्या यंत्रणेसाठी मात्र तीन महिने खपून त्यांनी नऊ हजार गाण्यांचं तोंड आणि शेपूट ऐकून खुणा केल्या होत्या.

साहेबांनी बजावलं होतं, "पहिल्या तासात एकदा जरी प्रसारण अडखळलं, तर जुन्यावर परत. मग वर्षभर नव्याचं नाव काढायचं नाही."

दहाच्या ठोक्याला इंजिनिअरने बटण दाबलं. एका गाण्याचा सूर विरतोय न विरतोय तोच दुसऱ्याचा उमटला. मध्ये केसाएवढी फट नाही! ताईंनी टाळीच वाजवली.

"फार हुशार आहे ही, ताई," इंजिनिअर फुशारला. "चार सेकंद शांतता झाली की बिघाड समजून आपोआप राखीव धून लावते."

ताईंनी पडद्यावर चालू गाण्याचं नाव पाहिलं. "अरे देवा! आत्ता लागलंय ना, त्यात शेवटच्या कडव्याआधी गायक सहा सेकंद थांबतो. तोंड ऐकलं, शेपूट ऐकलं, मधलं राहिलंच की रे!"

"मर्यादा बदलायची तर यंत्रणा बंद करावी लागेल."

"बंद? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

ताई तडक स्टुडिओत घुसल्या. निवेदिका चहाचा कप हातात धरून बघतच राहिली.

"सरक गं बाई. मी खूण केली की माईक चालू कर."

"तुम्ही बोलणार? ऑन एअर?"

"तो नेमका कुठे थांबतो ते तुला माहितीय का?"

गायक थांबला. एक... दोन... ताई माईकवर वाकल्या. "थांबा हं, खरी गंमत पुढेच आहे!"

आणि गायकाने कडवं उचललं. काचेपलीकडे इंजिनिअर चक्क नाचत होता.

तेवढ्यात साहेब धावत आले. "मध्ये कोण बोललं?"

"मी. यंत्रणा नाही अडखळली साहेब, बोलणारी मी होते."

"अहो, घरून बायकोचा फोन आला! विचारतेय, ही नवी निवेदिका रोज असते का?"

अकरा वाजले. जुन्या संगणकाची वायर ताईंनीच काढली. आधी त्याला एकदा थोपटून. मग खुर्ची पुढे ओढून, कानाला हेडफोन लावून त्यांनी नऊ हजारांतलं पहिलं गाणं ऐकायला घेतलं. या वेळी अख्खं.