पत्र तुझं आहे

‘घे,’ साहेब म्हणाले.

मी वही उघडली. पेन्सिल धरली. समोर मुंबईहून आलेले शेठ बसले होते, ह्या कारखान्याचे मालक. दारापाशी डिस्पॅचचे काका टपालाचा गठ्ठा धरून उभे. मॅनेजरसाहेबांनी खुर्ची मागं रेलली आणि डोळे छताला लावले. डिक्टेशन देताना ते नेहमी छताकडे बघायचे, स्टेनोकडे नाही.

‘टू द मॅनेजिंग डायरेक्टर. रिस्पेक्टेड सर. आय, द अंडरसाइन्ड, बेग टू कन्फेस...’

मी लघुलिपीत घेत गेले. कंपनीच्या पत्रात ‘वी’ असतो. आम्ही कळवतो, आम्ही पाठवतो. हा ‘आय’ कानाला खटकला. वाटलं, साहेब स्वतःची चूक कबूल करतायत. जरा बरंही वाटलं मला. मग पुढचं वाक्य आलं. मी मिठागरावरच्या अडाणी मजुरांची मुलगी आहे. घरात शिक्षणाचं वातावरण नसल्यानं माझं इंग्रजी कच्चं राहिलं. साहेबांनी सांगितलेलं मला समजलं नाही आणि मी चुकीचं टाइप केलं.

पत्र माझं होतं. ते सांगत होते आणि मी उतरवून घेत होते.

‘इल्लिटरेट सॉल्ट वर्कर्स,’ ते परत म्हणाले, सावकाश, मला नीट घेता यावं म्हणून. ‘आलं का?’

‘आलं,’ मी म्हणाले.

आलं. असं म्हणाले मी. हात थांबला नाही. दोन वर्षं पेणच्या टायपिंग क्लासात ह्या हाताला एकच शिकवलं होतं, समोरचा बोलेल ते उतरवायचं, डोकं मध्ये घालायचं नाही. समोरचा तुझ्याच तोंडात शेण कोंबत असेल तर काय करायचं, ते क्लासात नव्हतं.

मी पेणच्या खाडीकडची. आई-बाप मिठागरावर. शाळेला सुट्टी लागली की मीही मीठ ओढायला जायचे. मिठानं तळपाय फाटतात आणि त्या भेगांत परत मीठच जातं. तसल्या पायांनी बांधावरून चालत मी इंग्रजी पत्रांची वाक्यं पाठ करायचे. विथ रेफरन्स टू युवर लेटर. वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू. बाया हसायच्या. ‘काय गो, बगल्यांना इंग्लिस शिकवतंस?’ मीही हसायचे. पण मनात पक्कं होतं. इंग्रजी पत्र लिहिता आलं की ह्या पायांकडे कोणी बघणार नाही. भाबडी होते. शुद्ध मूर्ख होते.

रोह्याच्या रंगाच्या कारखान्यात स्टेनो म्हणून लागले. रोह्याजवळच्या वरसे गावात मावशीकडे राहायचे. टाइपरायटरचा जमाना होता, कार्बन घालून तीन-तीन प्रती काढायच्या. साधी पत्रं तर साहेब सांगायचेही नाहीत. ‘त्याला लिही, माल पुढच्या आठवड्यात,’ एवढं म्हणायचे. बाकीचं इंग्रजी माझं. सही त्यांची. पार्ट्यांची उत्तरं यायची, आपल्या पत्रांची भाषा फार छान असते म्हणून. साहेब ती वाचून खिशात घालायचे.

साहेब पुण्याचे. अकाउंट्समधल्या बाईंना ‘अहो’, मला ‘ए’. मी समोर नसले की ‘बोलवा त्या मीठवालीला’. समोर असले तरी तेच. एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले, ‘आमची मीठवाली. चव घेऊन बघा, इंग्रजी अळणी आहे.’ पाहुणे हसले. मीही हसले, नोकरी होती. त्या पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी गेलेलं पत्र माझंच होतं, अथपासून इतिपर्यंत.

आता तो कबुलीजबाब कशासाठी, ते सांगते. एका पार्टीकडे गेलेला रंग खराब निघाला. त्यांचं पत्र आलं, खरमरीत. साहेबांचा पारा चढला. तावातावानं त्यांनी मला डिक्टेशन दिलं, सगळा माल आमच्या खर्चानं परत घेऊ. मालकाला विचारायची तसदी घेतली नाही. मी टाइप केलं, त्यांनी सही केली, पत्र गेलं. पार्टीनं माल परत पाठवला आणि शेठ मुंबईहून धावत आले.

साहेब शेठना म्हणाले, ‘मी विचार करू एवढंच सांगितलं होतं. हिनं परत घेऊ असं टाइप केलं. मी विश्वासानं सही केली.’

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि संन्याशानं दोरही स्वतःच वळायचा.

मी लघुलिपीची वही पुढं केली होती. साहेब हसले. ‘ह्या रेघोट्या तूच काढणार, तूच वाचणार. काय वाचशील ते खरं!’ मग मी काकांकडे बघितलं. माल परत घेण्याचं ते डिक्टेशन दिलं तेव्हा काका तिथंच होते, त्याच दारात, टपालावर सही घ्यायला थांबलेले. त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता. काकांनी गठ्ठ्यातली पाकिटं सारखी करायला घेतली. सारखीच होती ती पाकिटं.

डिक्टेशन संपलं. शेठ जेवायला गेले. मी माझ्या टेबलाशी आले. साहेब मागोमाग आले, आवाज खाली करून म्हणाले, ‘सही करून टाक. नोकरीला धक्का लागणार नाही. तुझ्यासारखी पत्रं लिहिणारी मला रोह्यात दुसरी मिळायची नाही, मला काय माहीत नाही का?’

माझ्या इंग्रजीची तारीफ त्यांनी तेवढी एकदाच केली. माझं इंग्रजी कच्चं आहे असं माझ्याकडून लिहून घेताना.

‘आणि ते आई-बापांचं वाक्य काढू नकोस,’ जाताना म्हणाले. ‘त्यानं शेठना दया येईल.’

काका पाण्याचा ग्लास घेऊन आले. खांब गावचे होते, घरी भातशेती. माझ्यापुढं ग्लास ठेवून म्हणाले, ‘कर गो सही. पान्यात राहून माशाशी वैर नाय करायचा.’

‘काका, तुम्ही ऐकलं होतं.’

‘व्हय. ऐकला होता.’

‘मग सांगा ना शेठना.’

‘माझी दोन पोरं हायत शिकनारी,’ काका म्हणाले, आणि रिकामा झालेला ग्लास उचलून गेले. मला त्यांचा तेव्हा संताप आला. आजही येतो.

मी टाइप केलं. हो, सगळं केलं. समास सोडून, ओळी मोजून, एक खाडाखोड नाही. इल्लिटरेट सॉल्ट वर्कर्ससुद्धा. आमच्या ऑफिसात एक रीत होती. पत्राच्या अगदी खाली, डावीकडे, पत्र सांगणाऱ्याची आद्याक्षरं मोठ्या लिपीत, मग तिरकी रेघ, मग टाइप करणाऱ्याची छोट्या लिपीत. म्हणजे पत्र कोणाचं आणि बोटं कोणाची, ते फाइलीत कळतं. प्रत्येक पत्राखाली मी ते टाइप करायचे. त्याही पत्राखाली केलं. साहेब मोठे, मी छोटी.

कागद केबिनमध्ये नेला. शेठ जेवून परत आले होते. साहेबांनी पत्र वरून खाली वाचलं आणि खाली अडकले.

‘हे काय?’

‘रीत आहे, साहेब. सांगणारे तुम्ही.’

‘अगं शहाणे, हे ऑफिसचं पत्र नाही. हे पत्र तुझं आहे. नवीन टाइप कर, खाली काही नको. आणि सही करून आण.’

पत्र तुझं आहे.

त्या वाक्यानं माझं काय झालं ते नीट सांगता येत नाही. रडू आलं नाही. इतकी वर्षं पत्रं माझी होती, तेव्हा ती त्यांची. आज पत्र त्यांचं होतं, तर ते माझं. चांगलं ते वर, घाण ती खाली. मिठागराचं पाणीसुद्धा असं वागत नाही.

मी म्हणाले, ‘माझं असेल तर मी लिहिते, साहेब.’

टेबलाशी गेले. कागद घातला, एकच, कार्बन नाही. टू द मॅनेजिंग डायरेक्टर. माल परत घेण्याचं पत्र मॅनेजरसाहेबांनी डिक्टेट केलं. त्यांनी सांगितलं तेच मी टाइप केलं. दुसऱ्या कोणत्याही मजकुरावर मी सही करणार नाही. एवढंच. बेग नाही, हंबली नाही. खाली आद्याक्षरं नाहीत. पूर्ण नाव टाइप केलं, बापाच्या नावासकट, आणि वर सही केली. शेकडो पत्रं लिहिली होती. स्वतःची सही असलेलं हे पहिलं.

ते साहेबांच्या हातात दिलं नाही. शेठच्या हातात दिलं.

शेठनी चष्मा लावला. शांतपणे वाचलं. परत एकदा वाचलं. माझ्याकडे बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि पायांवर नजर थांबली.

‘इंग्लिश तो अच्छा है,’ म्हणाले.

मला वाटलं, झालं. निकाल लागला. माझं इंग्रजी चांगलं, म्हणजे कबुलीजबाब खोटा, म्हणजे साहेब खोटे. एवढं तर शेंबड्या पोरालाही कळेल.

शेठनी कागद घडी करून साहेबांकडे सरकवला. ‘इसको आज ही निकाल दो,’ म्हणाले. ‘ऐसी लड़की ऑफिस में नहीं चाहिए.’

म्हणजे त्यांना कळलं होतं. सगळं कळलं होतं. प्रश्न इंग्रजीचा कधी नव्हताच. मी उगाच बांधावर घसा सुकवला.

काकांनीच मला फाटकापर्यंत सोडलं. मी एसटी धरून पेणला आले, तिथून घरी. आई अंगणात सुकट पाखडत होती. मी सगळं सांगितलं.

‘येक सही करावची व्हती ना गो?’ आई म्हणाली.

त्यात काय लिहिलं होतं ते मी सांगितलं. अडाणी मिठागर मजुरांची पोर.

‘अडानी तं हावच. त्यान खोटा काय हाय?’

‘तू अडाणी आहेस ते खोटं नाही आई. तुझ्या अडाणीपणावर त्यानं स्वतःचं पाप टाकलं, ते खोटं.’

आईनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मंग आता तुजा खरा शिजवून खा.’

तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. माझ्या पगारावर तिनं पाठ जरा सरळ केली होती, ती मी परत वाकवली. त्या हंगामात बापाबरोबर आम्ही दोघीही मिठागरावर होतो. भेगा जुन्याच जागी पडल्या. रोह्यातल्या दुसऱ्या कारखान्यांत अर्ज केले. कुठं दाखला मागितला, कुठं नुसतं नाव ऐकून फाइल मिटली. साहेबांचा फोन माझ्याआधी पोचलेला असायचा. सत्याचं बक्षीस वगैरे काही मिळत नसतं. ज्यांनी ते सांगितलंय त्यांनी कधी सत्य बोलून बघितलेलं नसावं.

पुढं जुनं मशीन घेऊन पेणला टायपिंगचं दुकान टाकलं. अर्ज, दाखले, इंग्रजी पत्रं. मग कॉम्प्युटर आला, तोही घेतला. पोट भरतं. आई ते बघायला राहिली नाही.

गेल्या महिन्यात डोलवीकडचा एक ठेकेदार आला. बाहेर जीप, जीपमागं त्याच्या कामावरची माणसं उभी, उन्हात. मला म्हणाला, ‘मॅडम, राजीनामे टाइप करायचेत. इंग्रजीत. मी सांगतो, सगळ्यांचं एकच. मी माझ्या मर्जीनं काम सोडत आहे, माझी काही तक्रार नाही. खाली फक्त नावं बदला.’

मी म्हणाले, ‘माणसं आत येऊ द्या. ती सांगतील ते टाइप करीन.’

‘त्यांना काय इंग्रजी येतंय?’

‘मला येतं.’

तो हसला. ‘तुमचं दुकान काय एकटंच नाही,’ म्हणाला, आणि बाजूच्या दुकानात गेला. तिथं चहा संपायच्या आत छापून मिळालं. मी माझ्या खिडकीतून बघत होते. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवले होते. एकेकाला हाक मारत होता. एकेक जण पुढं येऊन, न वाचता, त्याच्याच पेनानं सही करून बाजूला होत होता. कोणाचा तरी अंगठाही उमटला. मी खुर्चीत बसून होते, हात स्वच्छ ठेवून. त्या दिवशी काका दारात जसे उभे होते, तशीच मी बसले होते. मला माझीच शिसारी आली.

नुसतं नाही म्हणून भागत नाही. माझं नाही माझ्यापुरतं राहतं आणि बाजूच्या दुकानात छापून होतं.

तो परत येणार आहे. त्याचा धंदाच तो आहे. त्या दिवशी मी दुकानाच्या पायऱ्या उतरून जीपपाशी जाणार. बॉनेटवरचे कागद उचलणार. एकेक पत्र मोठ्यानं वाचणार, आधी इंग्रजीत, मग आमच्या खाडीच्या बोलीत, मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं. ठेकेदार ओरडेल, कागद ओढेल, उद्या माझं दुकान बंद पाडील. पाडू दे. माझं वाचून होईस्तोवर मी तिथं एकाच्याही हातात पेन जाऊ देणार नाही.