धाकटीची बादली

लिही गं. आणि मी बोलते तसंच लिही, शाळेतलं करू नकोस.

तुझी धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, या घरात आली तेव्हा औषधाच्या कारखान्यात जायची. बाटल्यांची झाकणं तपासायचं काम. दिवसभर बाटली उलटी करायची, दाबून बघायची, गळली की बाजूला. तीच खोड घरात. नवीन भांडं आलं की आधी पाणी भरून उलटं धरणार. तुझे चुलत आजोबा म्हणायचे, "मला पण उलटा करून बघितलं असशील लग्नाआधी!" ही म्हणायची, "बघितलं असतं तर परत पाठवला असता." हसून हसून पोट दुखायचं आमचं.

तिने परसात दहा कोंबड्या पाळल्या. परस दोघींचं, पण कोंबड्या तिच्या. मी नुसती अंडी खाणारी.

पाण्यावरून ती वैतागली. परात ठेवली तर कोंबड्या तिच्यातच उभ्या राहायच्या, पाय धुतल्यासारख्या, आणि घाणही तिथेच. मग बाटली उलटी करून ताटलीत ठेवली, ती त्यांनी लाथाडली. मग नळीला छोट्या वाट्या जोडल्या, तर त्यात भुसा जाऊन बसायचा. प्रत्येक गोष्ट ती दोन-दोन दिवस बघायची, पाट घेऊन समोर बसून. मी म्हणायचे, "अगं, कोंबड्या आहेत, पाहुण्या नाहीत."

शेवटी खाद्याच्या दुकानातून तिने पितळी टोच्या आणल्या. खाली बारीक खिळा असतो, कोंबडीने चोच मारली की थेंब पडतो. रंगाची रिकामी बादली, गच्च झाकणाची, घासघासून धुतली, बुडाला टोच्या बसवल्या आणि बादली उंच टांगली. बोटाने टिचकी मारून एकेका कोंबडीला प्यायला शिकवलं. शिकल्या की! पाणी स्वच्छ, जमीन कोरडी. आठ दिवस ती पोरीसारखी नाचत होती.

मग तिच्या लेकीचं बाळंतपण आलं. निघताना मला म्हणाली, "ताई, रोज नुसतं बघा. आणि झाकणाला भोक पाडलंय ते बुजवू नका हं, हवा लागते त्याला."

मी "हो हो" म्हटलं. मी तेव्हा तांदूळ निवडत होते. ऐकलं होतं गं मी, ऐकलं नाही असं नाही. पण मला वाटलं, हिची नेहमीची किरकिर.

दुसऱ्या दिवशी बघते तर त्या भोकातून मुंग्यांची रांग आत. मी कणीक मळतच होते. चिमूटभर घेतली आणि भोक लिंपून टाकलं. स्वतःवर खूश झाले बघ. पुढचे दोन दिवस बादली खालून उचलून बघितली तर जड, भरलेलीच. मी म्हटलं, वा, पाणी पुरवून पितायत! उन्हाळ्यात कोणी पाणी पुरवून पितं का? एवढी अक्कल नको? टोच्यांवर चोची आपटत होत्या, तो आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. मला वाटायचं, पितायत.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन मरून पडल्या होत्या, बाकीच्या चोच वासून. मी धावत जाऊन झाकण ओढलं. आतून हवा ओढल्यासारखा सूं आवाज झाला आणि कोंबड्यांनी टोच्यांना चोच मारली तसं पाणी टपटपायला लागलं. तिथेच समजलं मला, भोक बुजलं म्हणून पाणी अडलं होतं. कणीक खरवडून काढली आणि मोरीत टाकली.

ती आली तेव्हा मी म्हटलं, "तुझ्या त्या टोच्या अडकल्या गं. त्यांना पिताच येईना."

तिने बादली उतरवली, आणि परत परात. दिवसातून तीनदा वाकून घासायची, कंबर धरून. ते तर एक. पण घरातल्यांनी तिला सोडली नाही. पंखा घ्यायचा, कुकर घ्यायचा, तिने तोंड उघडलं की कोणीतरी म्हणणार, "हिला विचारू नका, कोंबड्या आठवा!" मीही हसायचे. मी. हळूहळू तिने सांगणंच सोडलं. भांडी उलटी करून बघणंसुद्धा. तू तिला कायम गप्पच पाहिलीस, हो ना? ती तशी नव्हती.

परवा तुझी आई पाण्याचा फिल्टर घेत होती. धाकटी म्हणाली, "मी एकदा बघू का?" तुझा बाप हसला, "काकू, कोंबड्या!" ती खाली बसली. 

दुपारी तिच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. वाटलं होतं रडेल, भांडेल. तिने विचारलं, "कणीक?"

"हो."

"झाकण काढताना आवाज आला?"

"आला."

"म्हणजे माझं बरोबर होतं."  मग म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं वाकून पराती घासल्या, ताई?"

मी पाय धरायला वाकले, तर तिने पाय मागे घेतले. "मला सांगून काय होणार?" म्हणाली. "हसणारे बाहेर बसलेत."

म्हणून तुला बसवलंय. मी चारचौघांत बोलायला लागले की गोड करून सांगायची मला सवय आहे, हे पण त्यातच गोड होईल. कागदावरचं मला फिरवता येणार नाही. आज जेवायला सगळे बसले की हे वाच, तुझ्या बापाला ऐकू जाईल असं. धाकटीला आधी बोलावून घे. आणि मी मधेच काही काम काढून उठायला लागले, तर हात धरून बसव मला.